मामाच्या मचाणावरचा दोर

हे पाहिलेली आम्ही चारही माणसं आज जिवंत आहोत. बाकीची तिघं याबद्दल तोंड उघडत नाहीत.

म्हणून मी सांगते.

रंगवून सांगायची मला सवय नाही. माझं नाव डेल्फीन. वॉर्म स्प्रिंग्जला, आमच्या आदिवासी वस्तीत राहते, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाणारी बाई होते.

मागच्या सप्टेंबरातला शनिवार होता तो. जागा, डेशूट्स नदीचा धबधबा, पूर्वेकडचा काठ. आणि एक आधीच सांगून टाकते. रात्र नव्हती. अंधार नव्हता, वादळ नव्हतं. दुपार कलत होती, ऊन डोळ्यांत येत होतं आणि आजूबाजूला माणसं होती.

तरीही...

पण मामापासून सुरुवात करायला हवी.

धबधब्यावर प्रत्येक घराची आपली जागा असते. कातळातून पाण्यावर बाहेर काढलेलं फळ्यांचं मचाण. त्यावर उभं राहायचं, लांब दांड्याचं जाळं फेसात बुडवायचं आणि वर चढणारा सॅल्मन मासा आत शिरेपर्यंत थांबायचं. कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक मागे, कातळात ठोकलेल्या लोखंडी कडीला.

आमच्या घराची जागा लेस्टरमामाकडे होती. लेस्टरमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ.

त्याच्याआधी ती आजोबांकडे, म्हणजे आईच्या आबांकडे, होती. पण आजोबांनी एक दिवस जाळं गुंडाळलं, मचाणाच्या फळ्या उखडून घरी आणल्या आणि पुन्हा तिकडे गेले नाहीत. का, ते कुणाला सांगितलं नाही. ते गेल्यावर मामाने त्याच जागी नवीन फळ्या ठोकल्या.

मी सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिलमध्ये, मामा त्या मचाणावरून पाण्यात गेला.

तो सापडेपर्यंत अख्ख्या धबधब्यावर कुणी जाळं टाकलं नाही. तशी रीतच आहे आमच्याकडे. मासा वर चढत होता, उड्या मारत होता, आणि सगळी मचाणं रिकामी. शेवटी मामा खालच्या डोहात सापडला.

दोर तुटलेला नव्हता.

कडीला तो घट्ट होता. कमरेकडचं टोक मात्र मोकळं होतं... कुणीतरी सावकाश, नीट सोडल्यासारखं.

लोक म्हणाले, गाठ कच्ची राहिली असेल.

मामाची गाठ? पण तेव्हा वाद कोण घालणार.

वर्षभर जागा तशीच पडून राहिली. वर्ष सरल्यावर आम्ही जेवण घातलं, त्याच्या वस्तू वाटल्या, रीतीप्रमाणे वर्षभर टाळलेलं त्याचं नाव पुन्हा घ्यायला मोकळीक झाली. आणि जागा माझ्या धाकट्या भावाकडे आली. आर्लनकडे.

आर्लनला वडील आठवत नाहीत. त्याला गाडी चालवायला शिकवली मामाने, दाढी करायला शिकवली मामाने. मामा गेल्यापासून आमचा हा बडबड्या मुका झाला होता. रस्त्याच्या कामावर जायचा, यायचा, जेवायचा, झोपायचा.

पण मचाणावर गेल्यापासून तो पुन्हा बोलायला लागला. हसायला लागला.

म्हणूनच मला सुरुवातीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आम्ही दोघं दर शनिवारी जायचो. तो मचाणावर, मी मागे सपाट कातळावर मासे कापायला. आमच्या घरातल्या बायका मचाणावर पाऊल ठेवत नाहीत. मी कधी ठेवलं नव्हतं.

शेजारचं मचाण टायटसचं. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला माणूस.

"काय रे आर्लन," तो हातांचा कर्णा करून ओरडायचा, "जाळं धुवायला आलायस का?"

"तुमच्याकडचा मासा वास घेऊनच पळतो, म्हणून इकडे येतो!" आर्लन ओरडायचा.

धबधब्याजवळ असंच बोलावं लागतं. पाण्याचा आवाज इतका, की शेजारी उभ्या माणसाच्याही कानात ओरडायचं. घरी गेल्यावर तासभर कान सुन्न. लहानपणापासून तो आवाज ऐकतोय आम्ही. तो आहे हेही मग जाणवत नाही.

जून महिन्यात एकदा आर्लन मासा घेऊन माझ्याकडे आला. चांगला मांडीएवढा होता. सोट्याचा घाव घातलेला, अजून शेपूट थरथरत होतं. आर्लनचा चेहरा लाल झाला होता.

"ताई, तू दोर ओढलास का?"

"मी? माझे हात बघ." कोपरापर्यंत रक्त होतं.

तो हसला. "मग मामाच."

"काय बोलतोस?"

"दोन झटके बसले. हलके. कमरेत, मागून. मी म्हटलं तू बोलावतेस. वळणार एवढ्यात हा जाळ्यात शिरला." तो खाली बसला. आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "मामा दाखवतोय, ताई."

मला भीती वाटली नाही. खरं सांगते, मला रडू आलं.

आमच्यात गेलेली माणसं अगदीच गेलेली नसतात. घरात ताट मांडताना, गाणं म्हणताना त्यांची चाहूल लागते. मामाला आर्लनची काळजी वाटत असेल, असंच मी धरून चालले.

आईला मात्र आम्ही सांगितलं नाही. भाऊ गेल्यापासून ती धबधब्याकडे फिरकली नव्हती. नाव काढलं तरी पदार्थ चुलीवर सोडून अंगणात जायची.

उन्हाळाभर तेच. दोन झटके, की मासा.

टायटसच्या जाळ्यात दुपारभर काही नाही, आणि आर्लन एकामागून एक काढतोय. बर्फाची पेटी भरायची, वर गोणपाट टाकून गाडीत मासे रचायचो. आम्ही म्हाताऱ्यांच्या घरी वाटले, लाँगहाउसच्या, म्हणजे आमच्या समाजघराच्या, जेवणाला दिले, धुरावर सुकवले.

"तुझा मामा जिवंत असताना एवढी मेहनत करत नव्हता," टायटस म्हणाला. त्याला आर्लननेच सांगितलं होतं. "माझ्या मामाला सांग म्हणावं, जरा शीक याच्याकडून. मेला तो मेला, फिरकला नाही."

आम्ही पोट धरून हसलो.

ऑगस्टच्या अखेरीस मी एकदा कडीजवळ बसले होते. तिथे सावली होती. दोर माझ्या अगदी पायाशी, कातळावर सैल पडलेला. त्याची वेटोळी मला दिसत होती.

आर्लनने एकदम मान डोलावली. न वळता हात मागे करून अंगठा दाखवला. समजलं, अशा अर्थाने. आणि जाळं डावीकडे सरकवलं.

मी दोराकडे पाहिलं...

तो हलला नव्हता.

एक वेटोळंही हललं नव्हतं. त्यावर एक नाकतोडा बसला होता. तो तसाच बसून होता.

आर्लनच्या जाळ्यात मासा होता.

झटका मागून आला असता, तर माझ्या पायाशी दोर हलायला नको का?

त्या दिवसापासून मी मासे कापता कापता त्याच्याकडे पाहायला लागले. आणि मग एकेक दिसायला लागलं.

धबधब्यावर सीगल पक्षी असतात. माशांची आतडी उचलायला सतत डोक्यावर. टायटसच्या मचाणावर ते होते. पलीकडच्या काठावर होते.

आमच्या मचाणावर... एकही नाही.

कातळावर आतडी टाकली तर तिथेच सुकायची. मुंग्याही यायच्या नाहीत.

दुसरं, आर्लन दोर वाढवत होता. जूनमध्ये तो मचाणाच्या मध्यावर उभा राहायचा. आता अगदी टोकाला, चवड्यांवर.

"इतकं पुढे कशाला?" मी विचारलं.

"मासा पुढे आहे."

"कोण म्हणतं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेडी आहे. "मामा म्हणतो, सैल सोड. अडकून पडतोस म्हणतो."

"म्हणतो? आता बोलतो पण?"

तो वळला. जाळं उचललं आणि गेला.

तिसरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. तो मचाणावर जाताना त्याचा पट्टा दिसला. दोर बांधायची जागा. पूर्वी तो दोर दोनदा गुंडाळून, ओढून, पुन्हा गाठ मारायचा. आता नुसता एक फास. बुटाची नाडी बांधतात तसा.

मी ओरडले त्याच्यावर. तो हो हो म्हणाला. पुढच्या शनिवारी तसाच.

आणि मग तो शनिवार आला.

सकाळी मी गाडीत पेट्या ठेवत होते. मागचं दार उघडलं, तर आत आई बसलेली. डोक्याला रुमाल, मांडीवर कापायची सुरी.

"आई? तू येतेस?"

"का? जागा नाही?"

"आहे की."

"मग चल."

वाटेत आर्लन शिट्टी वाजवत गाडी चालवत होता. आई मागून त्याच्या मानेकडे पाहत होती.

धबधब्यावर पोचल्यावर ती गाडीतच बसून राहिली. तिला नदी बघवत नव्हती, हे मला दिसत होतं. टायटसने लांबून टोपी काढली. आर्लन जाळं घेऊन उतरला आणि मचाणाकडे गेला. चालताना दोर बांधत होता. न बघता.

दुपारपर्यंत त्याने पेटी भरली. आई गाडीतून उतरून माझ्याशेजारी येऊन बसली. नदीकडे पाठ करून. मासा हातात घेतला, एका फटक्यात पोट फाडलं.

"टायटस मला दुकानात भेटला," ती म्हणाली. "म्हणाला, तुझ्या पोरावर लेस्टरची कृपा आहे. मला वाटलं, हा मेला काहीतरी बरळतोय. मग म्हणाला, दोर ओढून मासा दाखवतो."

मी मान खाली घातली. "तुला त्रास होईल म्हणून आम्ही..."

"किती दिवस चाललंय?"

"जूनपासून."

तिचा हात थांबला.

"डेल्फीन," आई म्हणाली, "लेस्टर कधी दोराला हात लावायचा नाही."

मला कळलं नाही.

"मचाणावरच्या माणसाचा दोर मागून ओढायचा नाही. माणूस दचकतो, पाय सरकतो. लेस्टरने एकदा एका पोराला त्यावरून थोबाडीत दिली होती. तो स्वतः ओढेल? आर्लनचा?"

पाण्याचा आवाज होता. तरी तिचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

"मग..."

"ऐक. लेस्टर गेला त्या आठवड्यात माझ्याकडे आला होता. टेबलाशी बसून ब्रेड खात होता. हसत होता. मला म्हणाला, ताई, आबा येतात मचाणावर. दोर ओढतात, की मासा येतो. फळ्या पुन्हा ठोकल्या म्हणून रागावले नाहीत माझ्यावर, असं म्हणाला." आईने सुरी खाली ठेवली. "आणि मी पण हसले. मला बरं वाटलं, की आबांनी त्याला माफ केलं."

मी हातातला मासा खाली ठेवला.

"आबा नव्हते ते," आई म्हणाली. "लेस्टर पण नाही हा."

तेवढ्यात मला काहीतरी वेगळं जाणवलं. आईचं बोलणं मला ऐकू येत होतं. तिने आवाज चढवला नव्हता. आम्ही दोघी घरात बसल्यासारख्या बोलत होतो...

धबधब्याशेजारी बसून.

मी वळले.

पाणी कोसळत होतं. फेस उडत होता. पण आवाज एखाद्या बंद दारामागून यावा तसा येत होता. आणि तोही कमी होत होता.

आर्लन मचाणाच्या टोकाला उभा होता. जाळ्याचा दांडा एका हातात. दुसरा हात पोटाशी. बोटं हलत होती.

तो गाठ सोडत होता.

मी ताडकन उठले. कडीकडे धावले. दोर हातात घेतला आणि...

"ओढू नकोस!" आई किंचाळली.

मी थिजले.

"दोर ओढलास तर त्याला वाटेल मामाच बोलावतोय. ओढू नकोस. जा त्याच्याकडे."

"मी? मचाणावर?"

"माझे गुडघे धड असते तर मी गेले असते. जा!"

मी बूट काढले. का काढले, आजही माहीत नाही. आणि फळीवर पाय ठेवला.

फळ्या ओल्या होत्या, शेवाळलेल्या. खाली हिरवं-पांढरं पाणी घुसळत होतं. मी वाकून, हात पसरून चालले. आर्लनच्या पाठीवरून नजर काढली नाही.

मधल्या फळीवर पोचले, आणि आवाज गेला.

पूर्ण.

पाणी समोर पडतंय. थेंब तोंडावर बसतायत. आणि आवाज नाही. माझा श्वास मला ऐकू येतोय. फळीची करकर ऐकू येतेय.

आणि आर्लन बोलतोय. हळू. फोनवर बोलावं तसा.

"हो मामा... सोडतोय... थांब ना जरा, गाठ भिजलीय..."

मग तो गप्प. ऐकत असल्यासारखा.

"नाही, सर्दी नाही झाली मला... हो... मी पण."

ते 'मी पण' मी विसरू शकत नाही. कुणीतरी त्याला काहीतरी म्हटल्याशिवाय त्याचं ते उत्तर नव्हतं.

"आर्लन," मी म्हटलं.

तो वळला नाही. पण हसला. गाल वर गेलेला मला मागून दिसला.

"बघ," तो म्हणाला. माझ्याशी नाही. खाली पाण्याशी. "ताई पण आली."

आणि त्याच क्षणी...

माझ्या कमरेला दोन झटके बसले.

हलके. मागून. अगदी मायेने, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने पोराचा सदरा ओढावा तसे.

मी दोर बांधलेलाच नव्हता.

माझ्या कमरेला काहीही नव्हतं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला भीती वाटली नाही. मला एकदम बरं वाटलं. लहानपणी ताप उतरल्यावर वाटतं तसं. वाटलं, दोन पावलं पुढे जावं, बसावं. पाय त्या टोकावरून खाली सोडावेत.

मी पाऊल उचललं होतं.

मागून आईचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. आमच्या जुन्या भाषेतले, आजोबांच्या वेळचे. ती ओरडत नव्हती. कुणाला तरी दारातून हाकलावं तशी दमात घेऊन बोलत होती.

मी भानावर आले. दोन्ही हातांनी आर्लनचा पट्टा धरला आणि सगळा भार टाकून मागे बसले.

तो माझ्या अंगावर पडला. माझं डोकं फळीवर आपटलं. त्याच्या कमरेचा दोर सुटून पाण्यात गेला.

आणि भिंत कोसळावी तसा आवाज परत आला.

धबधब्याचा सगळा आवाज, एकदम, अंगावर. मी कान झाकून किंचाळले. मला माझी किंचाळी ऐकू आली नाही.

टायटस धावत आला होता. त्याने आम्हाला बखोटीला धरून कातळावर ओढलं. आर्लन हात झाडत होता, सुटायला बघत होता. टायटस सरळ त्याच्या छातीवर बसला.

"हलू नकोस," टायटस म्हणत होता. "हलू नकोस रे पोरा, हलू नकोस." तोंडात शिवी नाही, थट्टा नाही. तो रडत होता.

जाळ्याचा दांडा आर्लनच्या हातून सुटला होता. मला वाटलं, गेला वाहून.

आई नदीकडे पाहत होती. मी तिची नजर गेली तिकडे पाहिलं...

दांडा पाण्यात उभा होता.

तो प्रवाह माणसाला काडीसारखा नेतो. आणि त्यात तो लांबलचक दांडा सरळ, ताठ उभा. थरथरत पण नव्हता. कुणीतरी खालून धरून वाट बघत असल्यासारखा.

टायटसने पाहिला. आर्लननेही पाहिला आणि त्याचं झटापट करणं थांबलं.

मग तो दांडा सावकाश खाली गेला. वाहून नाही गेला. खाली गेला.

परत येताना गाडी मी चालवली. मासे आम्ही तिथेच पाण्यात सोडले, एकूण एक.

घराजवळ आल्यावर मी आईला विचारलं, "तू काय म्हणालीस त्याला?"

ती खिडकीबाहेर बघत होती.

"म्हटलं, आमच्याकडचं आता कुणी नाही इथे. जा."

"मग गेलं का ते?"

ती गाडीतून उतरली आणि घरात गेली.

ऑक्टोबरमध्ये टायटस आणि आर्लनने मचाण उखडलं. एकेक फळी काढली, खिळे काढले, कातळातली कडीसुद्धा छिन्नीने फोडून काढली. फळ्या आमच्या अंगणात आणून जाळल्या. आमची थोरली माणसं आली, काठावर उभी राहून गायली. आईने पाण्यात अन्न सोडलं.

आर्लन सावरला. कामावर जायला लागला, जेवायला लागला. फक्त एकदा, भांडी पुसता पुसता त्याने मला विचारलं.

"ताई, तो मामा नव्हता ना?"

"नाही."

"पण त्याला माहीत होतं, मी लहानपणी मामाला काय म्हणायचो." त्याने बशी ठेवली. "ते नाव घरातसुद्धा कुणाला माहीत नाही. तुलाही नाही."

मी विचारलं नाही काय ते. त्यानेही सांगितलं नाही.

हिवाळा गेला. मला वाटलं, संपलं.

या एप्रिलमध्ये, मोसमातल्या पहिल्या सॅल्मनचं जेवण झाल्यावर, टायटसचा फोन आला. धाप लागली होती त्याला.

"डेल्फीन, तुम्ही कुणी इकडे आला होतात का?"

"कुठे?"

"तुमच्या जागेवर."

मी आणि आर्लन गेलो. मी नको म्हणत होते, तो ऐकेना.

मचाण उभं होतं.

नवीन लाकूड. पिवळं, चिकाचा वास येणारं. खिळे चकचकीत. कातळात नवी कडी... आणि कडीला नवा दोर, वेटोळी घालून ठेवलेला.

आम्ही सगळ्यांना विचारलं. वरच्या काठावरच्या घरांना, पलीकडच्यांना, धबधब्यावर देखरेख ठेवणाऱ्या माणसालाही. कुणी बांधलेलं नाही. कुणी बांधताना पाहिलेलं नाही. हिवाळाभर तिथे बर्फ होता, वाट बंद होती. टायटस म्हणतो, फोन केला त्याच्या आदल्या दिवशी तो तिथे गेला होता, तेव्हा नुसता कातळ होता.

आर्लन काठावर उभा राहून पाहत होता. मी त्याचा दंड घट्ट धरला होता.

"काम चांगलं केलंय," तो म्हणाला.

"चल घरी."

"नाही, बघ ना ताई. फळ्या कशा बसवल्यात. एक फट नाही." त्याचा आवाज खुशीत होता. "मला असं जमलं नसतं."

आम्ही ते मचाण तोडलेलं नाही. हात लावायची कुणाची हिंमत नाही. ते तसंच आहे, आज, मी हे सांगतेय तेव्हाही. शेजारची मचाणं रिकामी झाली. टायटसने दुसरीकडे जागा बघितली.

आर्लनच्या गाडीची किल्ली मी त्या दिवशी घरी आल्यावर काढून घेतली. माझ्या उशीखाली ठेवते. तो शेजाऱ्याच्या गाडीतून कामावर जातो.

घरापासून धबधबा लांब आहे. पायी जाण्यासारखा नाही.

आता ऑगस्ट संपत आला. एवढ्या दिवसांत त्याने एकदाही किल्ली मागितलेली नाही.

भांडला असता, चिडला असता, तर मला झोप लागली असती.